उमाटे सर आणि न सडणारा नंबर

"मले रमेशनं पाठवलं," असं कोणी येऊन म्हणालं, की उमाटे सर हातातलं काम खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "कोनता रमेश?"

"आपला रमेश, जी."

"आपले रमेश तीन हायेत. एक बिजलीवाला, एक पोस्टातला आन् एक माह्या साळ्याचा साळा. युनिक सांग."

येणारा गोंधळून जाई. "थो नाई का, उंचापुरा. सायकलवर येते."

"उद्या त्यानं सायकल इकली त्? मंग थो रमेश राह्यत नाई का?"

निरोप बहुतेक वेळा एवढाच असे, की रमेशला जरा शिडी हवी आहे. पण शिडी मिळेपर्यंत त्या माणसाला स्वतःच्या अस्तित्वाबद्दलही शंका येऊ लागलेली असे. एकदा तर खुद्द पोस्टातला रमेशच शिडी न्यायला आला आणि सरांनी त्यालाही सोडलं नाही.

भास्कर उमाटे हे माझे पहिले साहेब. नव्वदच्या दशकात वर्ध्यात कॉम्प्युटरचे क्लास गल्लोगल्ली निघाले होते, पण लोकांना हवा तसा प्रोग्रॅम लिहून देणारे फार थोडे. सर त्यांतले. बी.एस्सी. करून, वर एक कोर्स करून मी त्यांच्याकडे लागले. ऑफिस एका पिठाच्या गिरणीच्या वर होतं. खाली गिरणी सुरू झाली की वर मॉनिटरवरची अक्षरं थरथरत, आणि ज्वारीच्या दिवसांत कीबोर्डावर पिठाचा थर बसे. उन्हाळ्यात कूलरची हवा लागली की त्याचं पिठलं व्हायचं तेवढं बाकी असे.

शाळांचे निकाल, दवाखान्यांचे पेशंट, दुकानांचा माल, असलं सगळं आम्ही कॉम्प्युटरवर चढवायचो. ते चढवायचं तर आधी तक्ते आखावे लागतात. आणि तक्ता आखायचा तर त्यातल्या प्रत्येक ओळीला स्वतःची अशी एक ओळख लागते, जी दुसऱ्या कुठल्याही ओळीची नसेल आणि कधी बदलणार नाही. तिला प्रायमरी की म्हणतात. जगातले बाकीचे प्रोग्रॅमर ही की ठरवतात आणि पुढच्या कामाला लागतात. उमाटे सर तिथेच थांबले होते. सगळा जन्म ते त्या एका प्रश्नाभोवती फिरत होते आणि अगदी मजेत होते.

"नाव बदलते," ते बोटांवर मोजत सांगत. "गाव बदलते. फोन बदलते. मानूस बी बदलते. नंबर बदलत नाई. काऊन बदलत नाई?"

"काऊन, सर?"

"कारन त्याले काई अर्थच नाई! ज्याले अर्थ हाय, थे सडते."

सडणे हे त्यांचं आवडतं क्रियापद. एका शाळेचे हेडमास्तर आले होते. त्यांना विद्यार्थ्याच्या नंबरातच वर्ग, तुकडी आणि वर्ष असं सगळं हवं होतं, म्हणजे नंबर पाहिला की पोरगं कळलं पाहिजे. सरांनी शांतपणे विचारलं, "आन् पोट्टं पास झालं त्?" हेडमास्तर म्हणाले, वर्ग बदलला की नंबर बदलायचा. "मंग थो नंबर काह्यचा? थो त् शर्ट झाला. सडन, गुरुजी. दिवाळीपर्यंत टिकन, मंग सडन." हेडमास्तर दुखावून खाली उतरले. जाताना त्यांच्या काळ्या कोटावर गिरणीचं पीठ होतं, ते त्यांना कोणी सांगितलं नाही.

पण सरांच्या आयुष्यातला परमानंदाचा क्षण म्हणजे डॉक्टरांचा फोन नंबर.

गावातल्या एका डॉक्टरांना पेशंटची माहिती कॉम्प्युटरवर हवी होती. त्यांचं म्हणणं, नवीन नंबर कशाला, पेशंटचा फोन नंबर आहेच की, तोच की म्हणून वापरा. सरांनी परोपरीनं सांगून पाहिलं. डॉक्टर इंग्रजीतून चिडले. शेवटी सर म्हणाले, "करून देतो. पन सडन."

आता त्या काळी गल्लीत फोन असायचा एकाकडे. बाकीचे सगळे त्याचाच नंबर देत आणि पुढे 'पीपी' असं लिहीत. म्हणजे शेजाऱ्यांकडे फोन करा, ते हाक मारतील. दवाखान्याच्या गल्लीत फोन होता किराणा दुकानदाराकडे. महिन्याभरात अख्खी गल्ली कधी ना कधी दवाखान्यात जाऊन आली आणि प्रत्येकानं तोच नंबर सांगितला. कॉम्प्युटरनं इमानदारीनं सगळ्यांचे आजार त्या एकाच पेशंटच्या खात्यात घातले.

पुढे दुकानदार स्वतः सर्दीसाठी गेले. भरघोस मिशांचा माणूस. कंपाउंडरनं छापलेला कागद डॉक्टरांनी पेशंटकडे न बघता वाचायला घेतला. "हर्निया… कांजिण्या… मलेरिया… आणि सातवा महिना. सोनोग्राफी कधी केली?"

दुकानदार म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मले फक्त नाक गळून राह्यलं जी."

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा सरांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला, म्हणजे आम्हा सगळ्यांना ऐकू यावं. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू स्वतःलाच बाळ होणार आहे. पुढे कित्येक महिने कोणीही आलं की त्याला चहा आणि सातवा महिना मिळे.

आमच्या ऑफिसातही सगळ्यांना नंबर होते. मी सात. चहाच्या कपांच्या बुडाला नेलपॉलिशनं नंबर घातलेले. चार नंबरचा कप फुटला तेव्हा मी नवा आणून त्यावर चार लिहिला, तर सरांनी तो पुसायला लावला. "गेलेल्याचा नंबर दुसऱ्याले देत नसते, पोरी. चार नंबर होता आन् गेला. हा नवा हाय, याले नवा दे." एका कपासाठी एवढी माणुसकी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

दरवर्षी ते आम्हाला केळझरला गणपतीच्या दर्शनाला नेत. अभिषेकाच्या वेळी गुरुजी नाव-गोत्र विचारत आणि मी दोन पावलं मागे सरके. कारण सर हात जोडून म्हणत, "गुरुजी, या गोत्रात भास्कर उमाटे किती असतीन? बाप्पाले कसं समजीन?" गुरुजी दरवर्षी तेच सांगत, की देवाला सगळं समजतं. सर दरवर्षी पावती पुढे करत. "समजते जी. तरी पन पावतीचा नंबर वाचून टाका. पुन्हा आपली चूक नको." आणि गुरुजी, बिचारे सज्जन, संकल्पात पावतीचा नंबर घालत. मंगलाकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मागे उभ्या राहून पदरात हसत.

मंगलाकाकू कमी बोलत. दिवाळीत ऑफिसला अनारसे पाठवत आणि सरांच्या शर्टाचं खालचं बटण वरच्या काज्यात गेलेलं असेल तर रस्त्यातसुद्धा थांबवून नीट करत. नवऱ्याच्या नंबरांबद्दल त्यांचं मत मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "दारू नाई, जुगार नाई. नंबरच हाय ना? राहू दे."

अशात माझं लग्न ठरलं. सिंदी रेल्वे या गावात मुलाचं कापडाचं दुकान, तीन भावांत धाकटा, श्रीकांत. माणूस साधा, हसरा. मला आवडला होता. एकच गोष्ट होती. त्यांच्या घरी सुनेचं नाव बदलायची रीत. थोरली सविता, मधली सरिता, आणि सासूबाईंनी माझ्यासाठी संगीता हे नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. लग्नात तांदळाच्या ताटात नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, की झालं. छाया, म्हणजे मी, संपली.

खरं सांगते, मला ते मुळीच आवडलं नव्हतं. घरी आईनं "छाया" म्हणून हाक मारली की मी मुद्दाम दुसऱ्या हाकेपर्यंत ओ देत नसे. पण एवढं चांगलं स्थळ, आणि नावावरून तोंड कोण उघडणार? आईनं बजावलं होतं, गप्प राहा. मी गप्प होते. ऑफिसात मात्र उगाच ऐट दाखवायला म्हणून सरांना म्हटलं, "सर, लग्नानंतर माझं नाव संगीता करायचं बरं का रेकॉर्डमध्ये."

सरांचे हात कीबोर्डावर थांबले. "काऊन?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "अहो, त्यात काय! नाव म्हणजे साधा कॉलम, तुम्हीच शिकवलं. नाव बदलतं, नंबर बदलत नाही. मी सात नंबर ती सातच."

"हो," ते म्हणाले. "बराबर हाय तुह्यं." मग गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्याच कोणाच्या कपातून चहा प्यायला आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही.

लग्नाच्या बस्त्यासाठी सासूबाई वर्ध्याला आल्या. आई साडीच्या दुकानात थांबली होती. सासूबाई मला न्यायला ऑफिसचा जिना चढून वर आल्या. ठसठशीत कुंकू, नऊवारी, आवाज असा की गिरणी बंद पडावी. त्यांना पाहताच सर उठून उभे राहिले, स्वतःची खुर्ची दिली आणि मला म्हणाले, "चहा सांग." मला वाटलं, संपलं. आता लग्न मोडतं.

"आयकतो की पोरीचं नाव बदलून राह्यले तुमी?" सरांनी सुरुवातच केली.

"हो जी. सविता, सरिता, आता संगीता. शोभून दिसते ना?"

"दिसते. पन बाई, मी तुमाले एका दुकानदाराची गोष्ट सांगतो." आणि त्यांनी सातवा महिना काढला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर सासूबाई खुर्चीचा हात धरून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी. "मिशावाला मानूस!" त्या म्हणाल्या. "बाप्पा!" मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "पन मास्तर, थे कॉम्प्युटरचं झालं. आमच्या घरात त् मानसं राह्यतात."

"थेच सांगून राह्यलो मी," सर म्हणाले आणि एकदम हळू झाले. "कॉम्प्युटरमंधी मानसाले नंबर देता येते. मंग नाव बदलो का गाव बदलो, मानूस सापडते. घरात कुठं नंबर असते, बाई? घरात नावच हाय. एवढंच एक हाय."

सासूबाईंनी बशीत चहा ओतला.

"आमच्या घरी बी रीत होती. माह्या बायकोचं नाव शकुंतला. लग्नात मी ताटात मंगला लिवलं. माह्या मायले आवडे म्हनून. मले काय, मी लिवलं. चांगला संसार झाला. मंग एक वर्सी तिले ताप आला, थो डोक्यात गेला. दवाखान्यात डोळेच उघडे ना. मी उशाशी बसून, मंगला, मंगला, मंगला. नर्सबाई म्हने, आवाज देत राहा, आवाजानं मानूस वापस येते. मी देत राह्यलो. गळा बसला माह्या. काईच नाई."

गिरणी त्या वेळी बंद होती की सुरू, मला आठवत नाही.

"मंग तिचा बाप आला गावावरून. म्हातारा मानूस, हातात पिशवी, दारातच उभा राह्यला. म्हने, 'शके.' एकडाव. बस. तिनं डोळे उघडले जी." सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रेकॉर्ड होतं. मीच चुकीच्या कीनं शोधत होतो."

मी सरांना इतकी वर्षं ओळखत होते. त्यांच्या डोक्यातले तीन रमेश ओळखत होते. हे मात्र मला माहीत नव्हतं, आणि मला तेव्हा हुंदका आला हे सांगायला मला लाज नाही.

सासूबाईंनी विचारलं, "मंग आता काय म्हनता तिले?"

"मंगलाच. बरी झाल्यावर मी शकू म्हनून पायलं. नको म्हने. म्हने, थे नाव माह्या माहेरचं हाय, तुमी त् बदललं होतं ना, मंग आता नका घेऊ." सर ओशाळं हसले. "तिचं बी बराबर हाय."

सासूबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. मग कोणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या, "मी गिरजा होती. माय होती तवरिक म्हने. मंग भाऊ म्हने. भाऊ बी गेला."

सासूबाई उठल्या, पदर सावरला. "चाल पोरी, तुह्यी माय वाट पाहून राह्यली असन."

नावाबद्दल त्या ना दुकानात बोलल्या, ना नंतर. लग्नापर्यंत मी जीव मुठीत धरून होते. विचारायचं धैर्य नव्हतं आणि श्रीकांतला विचारावं तर तो म्हणे, "आई सांगन थे."

लग्न सिंदीला झालं. त्यांच्याकडे ताटाचा विधी मांडवातच होतो. तांदळाचं ताट पुढे आलं, श्रीकांतच्या हातात अंगठी दिली आणि भटजींनी विचारलं, "नवीन नाव काय ठेवलं?"

श्रीकांतनं आईकडे पाहिलं. मी ताटाकडे.

"छाया," सासूबाई म्हणाल्या.

"थे त् जुनं झालं, बाई. नवीन विचारून राह्यलो मी."

"नाव हाय ना तिले? मंग! लिव रे तू."

भटजींनी खांदे उडवले. श्रीकांतनं तांदळात माझं नाव लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं होतं, काना तर ताटाबाहेर जायला निघाला होता. मला ते आजही जसंच्या तसं दिसतं. मांडवात बायकांची थोडी कुजबुज झाली. थोरल्या जाऊबाई माझी मुंडावळ नीट करायला वाकल्या आणि कानाशी पुटपुटल्या, "माह्यं प्रभा होतं." आणि चटकन सरळ होऊन वाढायला निघून गेल्या.

सर पुढच्याच रांगेत बसले होते. त्यांनी टाळी वाजवली. एकट्यानंच. मग आजूबाजूला पाहून हात मांडीवर ठेवले.

पंगती झाल्या. वर्ध्याकडे जाणाऱ्या गाडीची वेळ झाली होती. सर हातात आहेराची पिशवी घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभे, आणि मंगलाकाकू बायकांच्या घोळक्यात कुठे तरी हरवलेल्या. बँडवाल्यांना जेवण झाल्यावर जास्तच जोर चढला होता. सरांनी टाचा उंच करून हाक मारली, "मंगला!"

चार ठिकाणी चार बायका वळल्या. एक आमच्या आत्याबाई, एक कोणाची तरी विहीण, दोघी अनोळखी. चौघीही सरांकडे बघू लागल्या. मंगलाकाकूंची पाठच दिसत होती. त्या लांब, कोणाच्या तरी बाळाला खेळवत होत्या. सर गडबडून चौघींना हात जोडू लागले.

मी खुर्चीवर बसून सगळं पाहत होते. सरांनी एकदा स्टेशनच्या दिशेनं पाहिलं, एकदा त्या पाठीकडे. तोंड उघडलं, मिटलं. मग, मला वाटतं, डोळेच मिटून घेतले आणि ओरडले, "शकू!"

सगळ्या मांडवात एकच बाई वळली.

त्या बाळाला त्याच्या आईकडे देऊन आल्या, बायकांमधून वाट काढत, सावकाश. आता काय होतंय म्हणून मी खुर्चीच्या कडेला सरकले. त्या सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या शर्टाचं वर-खाली लागलेलं बटण सोडवून नीट लावलं, हातातली पिशवी काढून घेतली.

"चाला," त्या म्हणाल्या. "गाडी येते."

दोघं चालू लागले. माझ्याजवळून गेले तेव्हा त्या सरांच्या अगदी खांद्याला खांदा लावून चालत होत्या, हाक मारायची काही गरजच नव्हती. तरी सर खालच्या आवाजात पुन्हा म्हणाले, "शकू."

"ओ," त्या म्हणाल्या.